मेणबत्ती आणि स्टोव्ह

एव्हरेस्ट म्हटलं की आपल्याला तेनझिंग आणि हिलरी आठवतात. फार तर टीम लीडर जॉन हंट. पण १९५३च्या त्या मोहिमेत ग्रिफिथ प्यू नावाचा एक ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञही होता. माझ्या मते त्या यशात त्याचा वाटा फार मोठा आहे.

आधी प्रॉब्लेम काय ते समजून घेऊ. उंचावर ऑक्सिजन 'कमी' असतो म्हणजे नक्की काय? हवेतलं त्याचं प्रमाण शिखरावरही २१ टक्केच असतं. घटतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश. साहजिकच एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर काही आठवड्यांत जुळवून घेतं. श्वास जलद होतो, रक्तात तांबड्या पेशी वाढतात. म्हणून तर गिर्यारोहक हळूहळू, वर-खाली करत चढतात. पण ८००० मीटरच्या वर हेही पुरत नाही, शरीर झिजतच जातं.

१९२२पासून एव्हरेस्टवर ऑक्सिजनची नळकांडी नेत होते. ती न्यावीत की नाहीत यावर भांडणंही झाली. सगळ्यांचं लक्ष ऑक्सिजनवर. आता गंमत बघा. जलद श्वासाबरोबर शरीरातलं पाणीही भराभर जातं, कारण तिथली हवा कोरडी असते. आणि आजूबाजूला बर्फच बर्फ असला तरी प्यायला थेंब नाही! बर्फ वितळवायला स्टोव्ह हवा, स्टोव्हला इंधन हवं आणि इंधन पाठीवर वाहून न्यायला लागतं.

मे १९५२मध्ये स्विस मोहिमेतले तेनझिंग आणि रेमाँ लाम्बेर सुमारे ८४०० मीटरवर रात्रभर राहिले. स्टोव्ह नाही, स्लीपिंग बॅग नाही. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घसा ओला केला. ऑक्सिजनचे सेट असे की चालताना त्यातून श्वासच घेता येईना. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८६०० मीटरपर्यंत गेले आणि परत फिरले.

त्याच वर्षी प्यू चो ओयूच्या मोहिमेत मोजमापं घेत होता. त्याचा निष्कर्ष सरळ होता: चढताना मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन द्या, झोपतानाही थोडा द्या आणि दिवसाला तीनेक लिटर पाणी पोटात जाऊ द्या. म्हणजेच चांगले स्टोव्ह आणि भरपूर इंधन न्या.

२८ मे १९५३. तेच तेनझिंग, जवळपास तीच उंची, पण या वेळी सोबत हिलरी आणि तंबूत स्टोव्ह. दोघांनी लिंबाचं गरम सरबत भरपूर प्यायलं, पहाटे चारला पुन्हा स्टोव्ह पेटवला. सकाळी साडेअकराला ते शिखरावर होते!

पुढे १९७८मध्ये मेसनर आणि हाबेलर ऑक्सिजनशिवायही वर जाऊन आले. पण पाण्याशिवाय जाणारा काही अजून निघालेला नाही.

आमच्या धंद्यात सिस्टिम स्लो झाली की सगळे आधी सर्व्हरला शिव्या घालतात. खरी अडचण कुठे आहे ते मोजून बघणारा एखादाच असतो, आणि फोटोत तो सहसा नसतो. असो. पुढच्या वेळी एव्हरेस्टचा विषय निघाला, तर प्यूचंही नाव घ्या.