परवाना, रिव्हॉल्व्हर आणि आपली भिवंडी

राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. पण कसं जमायचं? 'शांततेने व विनाशस्त्र.' हा 'विनाशस्त्र' शब्द वाचून आपण पुढे जातो. त्याच्यामागे सत्तर वर्षांचं भांडण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवात १८७८ पासून. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय. त्या एकाच वर्षात या गृहस्थाने दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी केली, दुसऱ्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी घातली. गंमत म्हणजे दोन्हीतून साहेब सुटला. इंग्रजी पेपरांना पहिला कायदा लागू नव्हता आणि युरोपियनांना दुसरा. वर्तमानपत्रांचा कायदा रिपनच्या काळात गेला. शस्त्रांचा मात्र राहिला, स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षं. पत्रकार म्हणून मला हे जरा लागतंच. सरकारला लेखणीपेक्षा बंदुकीची भीती जास्त होती, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

या कायद्याचा एक परिणाम पुस्तकांत फारसा येत नाही. शस्त्र चोरून मिळवता येतं, पण सराव चोरून करणं महाकठीण. आवाज लपत नाही. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळी झाडली. ती हॉटसनच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली, साहेब वाचला. त्याआधी मे १९३० मध्ये लाहोरजवळ रावीच्या काठी भगवतीचरण व्होरा बॉम्बची चाचणी घेताना गेले. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांची पत्नी, दुर्गाभाभी, मुंबईत लॅमिंग्टन रोड पोलीस ठाण्याबाहेरच्या गोळीबारात होती. सार्जंट टेलर आणि त्याची बायको त्यात जखमी झाले. नवरा जाऊन पाच महिनेही झाले नव्हते, पदरात लहान मुलगा. आपल्याकडे या बाईची आठवण निघते ती भगतसिंगांची खोटी पत्नी बनून लाहोरहून रेल्वेने निघालेली बाई म्हणून. लॅमिंग्टन रोडवरून रोज लाखो लोक जातात, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान घेतात. असो.

काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. मग घटनेत तो का नाही आला? तर डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामतांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की परकीय सरकारने लोकांना निःशस्त्र केलं होतं तेव्हाची ती मागणी होती, आता परिस्थिती बदलली. आणि सरसकट सगळ्यांना हक्क दिला तर चोर-दरोडेखोरांनाही तो द्यावा लागेल. दुरुस्ती पडली. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला, आणि शस्त्र ही सरकारने द्यायची सवलत झाली.

आता हे सगळं मी का उकरत बसलो, ते सांगतो.

गोदामांवरच्या एका बातमीनंतर घरी फोन यायला लागले. कुणाचे, ते इथे लिहीत नाही. फोन मला नाही, बायकोला यायचे, दुपारी, मी बाहेर असताना. मित्रांचा एकच सल्ला, "परवाना काढ रे." अर्ज आमच्याकडे ठाणे पोलीस आयुक्तांकडे जातो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणलं. म्हणून आम्ही दोघं एका रेंजवर गेलो. ती म्हणाली, "फोन मला येतात ना, मग मीही शिकणार."

पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्या. कानावर मफ, बोट चापाबाहेर, नळी कायम समोर. शिकवणारे निवृत्त फौजी, शंभर वेळा तेच सांगत होते, आणि बरोबरच होतं. घोडा न चढवता चाप ओढला तर तो इतका जड, की नळी हलतेच. घोडा आधी चढवला की चाप हलका, पण मग चुकून सुटायची भीती. (मुंबईत पिस्तुलालाच 'घोडा' का म्हणतात ते तिथे कळलं.) माझ्या सहातल्या दोन कागदावर लागल्या. तिच्या चार. ती खूश होती, आणि मीही, खोटं कशाला बोलू.

परत येताना नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये तिने विचारलं, "अहो, हे घरात ठेवणार कुठे? कपाटाला कुलूप लावलं तर वेळेला उपयोग नाही. उशाशी ठेवलं तर पोरं आहेत." माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या त्या मुलीच्या नावावरून नाव. सव्वा लाख ज्या घरात आहेत, त्या घरातली बाई रात्री बसने जाते का, एवढं तरी विचारायचं होतं. अर्ज आम्ही केला नाही. पोलिसांत लेखी तक्रार केली, फोन नंबरांसकट.

आणि मग भिवंडीचा विचार आला. या गावाने ७ मे १९७० पाहिला. शिवजयंतीची मिरवणूक, आगी, मग न्यायमूर्ती मादन आयोग. १९८४ चा मे पाहिला. दोन्ही वेळा गावात हत्यारं होती, ज्याला जे मिळालं ते. ती असल्याने कुणाचं घर वाचलं, असं मला तरी जुन्या माणसांकडून ऐकायला मिळालेलं नाही.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे डीसीपी म्हणून आले आणि मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची माणसं, लूमवाले, दुकानदार, सोबत त्या भागाचे पोलीस. नियमित बसायचं, गटार-नळापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. भिवंडी शांत राहिली. जिला सगळे दंगलीचं गाव म्हणायचे, ती!

ते कायम टिकलं असं नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून भडका उडाला, गोळीबार झाला, दोन पोलिसांना जमावाने मारलं. कमिट्या तोवर कितपत चालू होत्या, कुठे बंद पडल्या होत्या, हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

म्हणून एक विनंती. त्या कमिट्यांत बसलेल्यांपैकी कुणाकडे बैठकांच्या वह्या, फोटो, सूचनांचे कागद असतील, तर इनबॉक्समध्ये कळवा. घरी येऊन बघतो, झेरॉक्स काढून त्याच दिवशी परत देतो.