वाट करून देणारा सैनिक

स्मरणिकेसाठी जुन्या काळाबद्दल काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह झाला. बँकेत आमच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणारे गार्ड बहुतेक माजी सैनिक. लढाईचं विचारलं की ते खंदक खणले, पूल बांधले, रस्ते केले, हेच सांगायचे. तेव्हा आम्हाला हसू यायचं. पण सैन्यातलं हे बांधकाम काय चीज असते, ते मेजर राम राघोबा राणे यांच्या आयुष्यावरून कळते.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, जन्म 26 जून 1918. 1940 साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशात लढले. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले. पण वाटेत सुरुंग पेरलेले आणि पाइनची झाडे आडवी पाडलेली. 8 एप्रिलला तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांची दोन माणसे गेली, पाच जखमी झाली. स्वतः राणे मांडीला जखमी. तरी ते रणगाड्याखाली सरपटत गेले, दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी सुरुंगातून रणगाडा पुढे काढला. रात्रंदिवस खपून, झाडे उडवून, वळणरस्ते करून त्यांनी वाट मोकळी केली. 12 एप्रिलला राजौरी हाती आली. या कामगिरीसाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले.

त्याच वर्षी 13 सप्टेंबरला सोलापूरहून भारतीय फौजा आपल्या जिल्ह्यात शिरल्या, तेव्हाही पहिली काळजी नळदुर्गजवळच्या बोरी नदीवरच्या पुलाचीच होती. पूल शाबूत राहिला आणि फौजा पुढे सरकल्या. चार दिवसांत निजामाची राजवट संपली.

राणे यांनी 1955 मध्ये लग्न केले, संसार केला, मुले वाढवली. 1968 मध्ये निवृत्त झाल्यावरही काही वर्षे ते सैन्याच्याच सेवेत राहिले. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आज अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव आहे.

आपल्या इमारतीचा पाया खणणाऱ्यांची, विटा वाहणाऱ्यांची नावे मात्र सोसायटीच्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत. पंचवीस वर्षे आपण त्यांच्या कामावर निर्धास्त झोपलो. 17 सप्टेंबरला अंगणात झेंडा लावताना जवानांबरोबर त्यांचीही आठवण काढू या. आणि गावात त्यांतलं कुणी भेटलं, तर घरी आणून चहा पाजू या. एवढं तरी आपल्याला जमेलच!