मलाक्का: एका दिवसात सहाशे वर्षं

सिंगापूरला ऑनसाईट आलेल्या आपल्या मंडळींचे पहिले तीन वीकेंड ठरलेले असतात. सेंटोसा, नाइट सफारी आणि मुस्तफामधली खरेदी. चौथ्या वीकेंडला काय, असं कोणी विचारलं की माझं उत्तर तयार असतं: पहाटेची बस पकडा आणि मलेशियातलं मलाक्का बघून या. इमिग्रेशनला फार गर्दी नसेल तर चार-पाच तासांत पोचता. गेल्या महिन्यात मी तेच केलं. जुनं गाव एवढंसं आहे, दिवसभरात पायी बघून होतं. पण या एवढ्याशा गावाने आपल्या गोव्याच्या इतिहासाशी इतक्या गाठी मारून ठेवल्यात की लिहिल्याशिवाय राहवेना.

सुरुवात नावापासून. १४०० च्या सुमारास परमेश्वर नावाचा सुमात्रातला एक राजपुत्र सिंगापूरहून परागंदा होऊन इथे आला. दंतकथा अशी की तो झाडाखाली बसला असताना त्याच्या शिकारी कुत्र्याला एका पिसोरी हरणाने लाथ मारून पाण्यात पाडलं. जिथे हरीण एवढं शूर, तिथेच राजधानी! (विजयनगरच्या स्थापनेची सशाची आणि कुत्र्यांची गोष्ट आठवली ना?) झाडाचं नाव मेलाका, तेच गावाला मिळालं. आणि मेलाका म्हणजे कोण? आपला आवळा :-)

आता खरी गंमत भूगोलाची. पश्चिमेकडून गुजरात, कोरोमंडल, बंगालची जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर इथे यायची, चीनची जहाजं ईशान्य मोसमी वाऱ्यावर. वारा फिरेपर्यंत परत जाता येत नाही, म्हणजे महिनोनमहिने मुक्काम. अशा वेळी व्यापाऱ्याला काय लागतं? माल ठेवायला वखार, जिवाची हमी आणि न बदलणारे नियम. मलाक्काच्या सुलतानांनी नेमकं तेच दिलं. परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर नेमले होते, त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी. पश्चिमेच्या मालावर जकात साधारण सहा टक्के. तोमे पिरेस हा पोर्तुगीज औषधविक्या १५१२ ते १५१५ इथे राहिला. त्याने लिहून ठेवलंय की या बंदरात ८४ भाषा ऐकू येत. मुंबईच्या लोकलमध्ये राहिलेल्यालाही हा आकडा जरा जास्तच वाटतो, पण असो.

अशा बंदरावर कोणाचा डोळा जाणार नाही? नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्क पुढच्याच वर्षी कोचीनहून निघाला आणि ऑगस्ट १५११ मध्ये त्याने मलाक्का जिंकलं. जहाजं अठराच्या आसपास, माणसं हजार-बाराशे. लगेच दगडी किल्ला उठला: आ फामोसा, म्हणजे 'प्रसिद्ध'.

आणि इथेच मला या शहराचा खरा धडा दिसतो. पोर्तुगीजांना वाटलं, बंदर मिळालं म्हणजे व्यापार मिळाला. पण व्यापार बंदराच्या धक्क्यात नसतोच, तो त्या नियमांवरच्या विश्वासात असतो. अनेक मुसलमान व्यापारी आचे, बांतेन, जोहोरकडे वळले. पुढची सव्वाशे वर्षं आचे आणि जोहोरचे हल्ले परतवण्यात गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ताब्यात आला, नेटवर्क निघून गेलं. जानेवारी १६४१ मध्ये जोहोरच्या मदतीने डचांनी हे शहर घेतलं, पण त्यांचंही मुख्य ठाणं बटाव्हिया. मलाक्काला जुने दिवस काही परत आले नाहीत.

आ फामोसाचा आज एकच दरवाजा उभा आहे. मी तो बघून जरा हिरमुसलोच, कारण डोक्यात वसईचा किल्ला होता. दरवाजा पोर्तुगीज किल्ल्याचा, पण वर डच कंपनीचं चिन्ह आणि १६७० साल कोरलेलं. बाकीचा तट कुठल्या लढाईत पडला नाही. नेपोलियनच्या युद्धकाळात शहर इंग्रजांच्या ताब्यात होतं. उद्या ते डचांना परत द्यावं लागलं तर किल्ला आपल्याच विरुद्ध वापरला जाईल, या भीतीने १८०७ मध्ये तो सुरुंग लावून उडवला. हुकमाची अंमलबजावणी केली विल्यम फार्कुहारने. रॅफल्सने मलाक्का मोडू नका असा अहवाल लिहिला तो १८०८ मध्ये! तीनशे वर्षांची भिंत, आणि निकाल एका सरकारी कागदावर.

दरवाज्यामागच्या टेकडीवर सेंट पॉलचं बिनछताचं चर्च आहे, मूळ बांधकाम १५२१ चं. आत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये काही महिने इथे पुरलेला होता, मग तो गोव्याला नेला. जुन्या गोव्यात आपण रांग लावून ज्याचं दर्शन घेतो, त्याचा हा आधीचा मुक्काम.

खाली नदीपलीकडे एकाच रस्त्यावर १७४८ ची मशीद, सतराव्या शतकातलं चिनी देऊळ आणि १७८१ चं गणपतीचं देऊळ. हो, गणपती! हे देऊळ चिट्टी लोकांचं. इथे आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली, त्यांचे हे वंशज. बोलतात मलय, पुजतात गणपतीला.

संध्याकाळी पोर्तुगीज वस्तीत जेवलो. 'करी देबाल' नावाचा मिरची-व्हिनेगरवाला झणझणीत रस्सा, आपल्या विंदालूचा चुलतभाऊ. पैसे दिल्यावर मालक आजोबा 'मुतु मेरसे' म्हणाले. ही क्रिस्तांग, पोर्तुगीज आणि मलयच्या मिश्रणातून झालेली भाषा. पोर्तुगीज सत्ता १६४१ मध्ये गेली, तट १८०७ मध्ये गेला, बोली अजून आहे. पण तरुण पोरं इंग्रजीकडे वळतायत, त्यामुळे ती आता धोक्यात आहे.

हे वाचून फार लांबचं वाटत असेल तर रेवदंड्याहून मुरुडला जाताना कोर्लई लागतं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीतही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आहे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. आपण किल्ल्यावर फोटो काढतो आणि मुरुडच्या वाटेला लागतो. किल्ल्याची पडझड झाली तर निदान बातमी तरी येते. बोलीची पडझड होते तेव्हा आवाजच होत नाही. पुढच्या वेळी किल्ला उतरल्यावर गावात चहाला थांबा आणि नुसतं ऐका.