बंगाली निरामिष स्वयंपाक

निरामिष स्वयंपाक ही बंगालमधील हिंदू घरांतील एक पाकपरंपरा होय. तीत मांस, मासे व अंडी यांबरोबरच कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. बंगाली जेवणाची ओळख माशांशी जोडलेली असल्याने बंगालबाहेर ही परंपरा फारशी परिचित नाही. 'निरामिष' म्हणजे केवळ 'शाकाहारी' नव्हे. मसुराची डाळ वनस्पतिजन्य असूनही सनातनी घरांत आमिष गणली जाते. उलट कालीपूजेत बळी दिलेल्या बोकडाचे मांस कांदा-लसणाविना शिजवले, तर त्यास 'निरामिष मांस' म्हणतात.

पार्श्वभूमी

चैतन्य महाप्रभूंच्या (१४८६–१५३४) वैष्णव पंथाने मांसाहार वर्ज्य मानला. 'चैतन्यचरितामृत' या चरित्रग्रंथात शुक्तोसह अनेक शाकाहारी पदार्थांची वर्णने आहेत. मात्र या स्वयंपाकाला आजचे सूक्ष्म रूप आले ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या हातून. वैधव्य येताच स्त्रीचे मासे, मांस, कांदा, लसूण, मसूर हे सारे सुटत असे. उकड्या तांदळाऐवजी आतप (न उकडलेला) तांदूळ, तोही दिवसातून एकदाच, आणि एकादशीला अनेक घरांत पाणीसुद्धा नाही, असा नियम होता. उष्ण पदार्थांनी वासना चाळवते, ही त्यामागील समजूत. बालविवाहामुळे यांतील कित्येक जणी कोवळ्या वयाच्या असत. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांनी १८५६मध्ये विधवाविवाह कायदेशीर झाला, तरी आहाराचे निर्बंध पुढेही दीर्घकाळ टिकले. विधवांच्या हाताच्या चवीचे कौतुक बंगालीत पुष्कळ झाले आहे. त्यामागील सक्तीची आठवण त्या मानाने कमी ठेवली गेली.

टागोर कुटुंबातील प्रज्ञासुंदरी देवी यांचा 'आमिष ओ निरामिष आहार' हा बंगाली पाकशास्त्रावरील आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक होय.

पाकपद्धती व पदार्थ

कांदा-लसणाची उणीव आले, जिऱ्याचे वाटण, हिंग, तूप आणि किंचित साखर यांनी भरून काढली जाते. फोडणीत पाँचफोरन हे अख्ख्या मसाल्यांचे मिश्रण वापरतात. मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि राँधुनी हे त्याचे घटक. राँधुनी न मिळाल्यास मोहरी घालतात. भाज्या बोंटीवर, म्हणजे विळीवर, चिरतात. कोणत्या पदार्थाला फोड केवढी, हे ठरलेले असते.

जेवणाचा आरंभ कडू चवीने होतो. शुक्तोमध्ये कारले, कच्चे केळे, शेवग्याच्या शेंगा, रताळे व डाळीचे सांडगे असतात, आणि शेवटी थोडे दूध घालतात. 'मोचार घंट' ही केळफुलाची भाजी. कोकणातल्याप्रमाणेच येथेही हाताला तेल लावून प्रत्येक फुलातील ताठ दांडी व पारदर्शक पापुद्रा काढावा लागतो. एका केळफुलामागे बराच वेळ जातो, म्हणून शहरी घरांत ही भाजी आता क्वचित होते. 'धोंकार डालना'साठी वाटलेली हरभऱ्याची डाळ शिजवून थापतात, शंकरपाळ्याच्या आकारात कापून तळतात आणि रश्श्यात सोडतात. कच्च्या फणसाला 'गाछपाठा' म्हणजे झाडावरचा बोकड म्हणतात.

दुधी, बटाटा यांच्या साली टाकून न देता बारीक चिरून खसखशीबरोबर परततात. बाँकुडा, बीरभूम, बर्धमान या पश्चिमेकडील जिल्ह्यांत खसखशीचा (पोस्तो) वापर विशेष आढळतो. बटाटा घातलेला 'आलू पोस्तो' आणि भात हे तेथील उन्हाळ्यातील नेहमीचे जेवण आहे.