नागार्जुनकोंडा
नागार्जुनकोंडा : आंध्र प्रदेश राज्यातील प्राचीन अवशेषांचे प्रसिद्ध स्थळ. पूर्वी गुंटूर व २०२२ पासून पलनाडू जिल्ह्यात समाविष्ट. कृष्णेच्या उजव्या तीरावरील ज्या खोऱ्यात प्राचीन नगर होते, ते नागार्जुनसागर जलाशयात बुडाले असून पाण्यावर राहिलेला टेकडीचा माथा म्हणजेच आजचे बेट होय. आचार्य नागार्जुनाशी या स्थळाचा संबंध परंपरेने जोडला जातो. येथील इक्ष्वाकूकालीन लेखांत त्यास आधार सापडत नाही.

सातवाहनांच्या ऱ्हासानंतर इ. स. तिसऱ्या शतकात वासिष्ठीपुत्र चांतमूल याने इक्ष्वाकू सत्ता स्थापिली. विजयपुरी ही या वंशाची राजधानी. चांतमूलाने अश्वमेध केला. त्याची बहीण चांतिसिरी हिने मात्र महाचैत्यास उदार हस्ते दान दिले. राजे यज्ञ करीत आणि राजस्त्रिया बौद्ध संघास आश्रय देत, ही गोष्ट येथील लेखांवरून स्पष्ट दिसते. बोधिसिरी या उपासिकेच्या लेखात सिंहली आचार्यांच्या धर्मप्रसाराचा निर्देश असून त्यात काश्मीर, गंधार, चीन यांबरोबर अपरांताचे, म्हणजे कोकणाचेही नाव येते.

हे अवशेष १९२६ मध्ये उजेडात आले. लाँगहर्स्ट (१९२७–३१) व टी. एन. रामचंद्रन (१९३८) यांनी येथे उत्खनन केले. धरणाचा निर्णय झाल्यावर आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली १९५४–६० या काळात खोऱ्याचे विस्तृत उत्खनन झाले. पुराश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची शंभरावर स्थळे त्यात नोंदली गेली. पाणी चढण्यापूर्वी उरकावे लागलेले हे काम विलक्षणच म्हटले पाहिजे. निवडक वास्तू टेकडीवर पुन्हा उभारण्यात आल्या, काहींच्या प्रतिकृती केल्या. उरलेले नगर पाण्याखाली गेले.

विजयपुरी दक्षिण येथून नौकेने बेटावर जाता येते. पालनाड चुनखडीतील शिल्पपट्ट येथील संग्रहालयात (१९६६) आहेत. चक्राच्या आऱ्यांप्रमाणे आतील भिंती असलेल्या महाचैत्याची रचना बाहेर पाहावयास मिळते. तथापि येथील वास्तूंचे परस्परांतील अंतर वा दिशा यांवरून नगररचनेविषयी अनुमान काढणे चुकीचे ठरेल. एके काळी कृष्णेच्या काठी असलेला स्नानघाट आज टेकडीच्या माथ्यावर कोरडा उभा आहे. मुख्य भूमीवरील अनुपू येथे चारही बाजूंनी पायऱ्यांची आसने असलेली प्रेक्षणशाला पुन्हा रचलेली आहे. प्राचीन भारतात अशी वास्तू दुर्मिळ आहे.