अक्षर आणि डाग

अमेरिकेत मुलांना वसाहतकाळाचा इतिहास शिकवताना दोन साधने हटकून वापरली जातात : त्या काळावर बेतलेली बालकादंबरी आणि मुलांनी स्वतः करून पाहायचे प्रकल्प. १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन वसले, १७७६ साली तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. मधली १६९ वर्षे दहा वर्षांच्या मुलाला नुसत्या सनावळीतून जवळची वाटणे शक्य नाही. म्हणून मुले वात पुन्हा पुन्हा वितळलेल्या मेणात बुडवून मेणबत्ती करतात, लोणी काढतात, पिसाच्या लेखणीने अक्षरे गिरवतात. हा सारा प्रकार करमणुकीत जमा करणे आम्हांला मान्य नाही. मेणाचा एकेक थर चढायला आणि निवायला किती वेळ लागतो हे हाताला कळले, की सूर्यास्तानंतरच्या उजेडाची किंमत कळते. ती परिच्छेद वाचून कळत नाही.

परंतु हाताला श्रम कळतात. सक्ती कळत नाही. वर्गातले मूल कंटाळले की वात खाली ठेवते. वसाहतींमधल्या श्रमाचा फार मोठा भाग मात्र ज्यांना असे थांबण्याची मुभा नव्हती त्यांच्याकडून करवून घेतला गेला : करारबद्ध नोकर, कारागिरांकडे उमेदवारी करणारी मुले आणि १६१९ पासून व्हर्जिनियात आणलेले आफ्रिकी लोक. क्रांतीच्या सुमारास व्हर्जिनियाची राजधानी असलेल्या विल्यम्सबर्गची जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती.

मुले आवडीने करतात ते 'हॉर्नबुक' पाहा. मूठ असलेली लाकडी फळी, तिच्यावर मुळाक्षरांचा आणि प्रार्थनेचा कागद आणि त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा; आपल्या धूळपाटीसारखेच हे अक्षरओळखीचे साधन. मॅसॅच्युसेट्सने १६४७ मध्येच पन्नास कुटुंबांच्या गावाने लेखनवाचनाचा शिक्षक ठेवावा असा कायदा केला होता. याउलट साउथ कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास शंभर पौंड दंड ठरवला. हॉर्नबुक करताना पहिला कायदा सांगितला आणि दुसरा गाळला, तर फळी सुबक होते, इतिहास मात्र अर्धा राहतो.

मग ही सक्तीही 'करून' दाखवावी काय? १९९४ मध्ये विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक संग्रहालयाने गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर केला, तेव्हा त्याला तीव्र विरोध झाला. तेथे निदान अभ्यासू प्रौढ कलावंत होते. वर्गातल्या एका मुलाला मालक आणि दुसऱ्याला गुलाम करणे हा इतिहासाचा पाठ नव्हे. त्यात एका मुलाचा अपमान तेवढा खरा असतो. जिथे प्रकल्पाने थांबावे, तिथून साहित्याचे काम सुरू होते.

एस्थर फोर्ब्ज यांच्या 'जॉनी ट्रेमेन' (१९४३) या कादंबरीतला जॉनी बोस्टनमध्ये चांदीकामाची उमेदवारी करतो. सोबत्याच्या खोडीमुळे तडकलेली मूस त्याच्या हाती येते, वितळलेल्या चांदीने त्याचा हात जळतो आणि हातातला धंदा जातो. लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या 'चेन्स' (२००८) मधली इझाबेल ही १७७६ च्या न्यूयॉर्कमधली तेरा वर्षांची गुलाम मुलगी. तिलाही भाजण्याची खूण आहे. पण ती न्यायाधीशाच्या हुकमाने, शहरात स्वातंत्र्याची भाषा चालू असताना, गालावर दिलेला डाग आहे. 'उद्धट' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर, 'आय'. पुढे तेच अक्षर ती आपल्या नावाचे आद्याक्षर म्हणून स्वीकारते.

ही दोन पुस्तके एकामागोमाग वाचून घेतली तर व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही. एकाच्या हाताची जखम दुर्घटनेची, दुसरीच्या गालावरची कायद्याची; हा फरक दहाबारा वर्षांच्या मुलाला नेमका उमगतो. नंतर त्याच्या हाती पिसाची लेखणी द्यावी आणि 'आय' हे अक्षर सावकाश काढू द्यावे. आदल्या आठवड्यात हॉर्नबुकावर त्याने तेच अक्षर निर्धास्तपणे काढलेले असते. या वेळी त्याचा हात क्षणभर अडखळला, तर इतिहास शिकवून झाला असे आम्ही समजू.