एका रंगाची वही : नाइलाज ते निवड

आजचा विषय घरगुती वाटेल, पण तो इतिहासाचाच आहे. हल्ली आपल्या गोंदिया जिल्ह्यातही लोक जुने फोटो मोबाइलवर उतरवून घेतात. लग्नाचे, शाळेचे, बांधीतल्या रोवणीचे. मग ॲपमध्ये डिजिटल वही करतात, शेजारी चार ओळी लिहितात आणि सगळं पान एकाच रंगात बसवतात, निळ्या किंवा तपकिरी. पान छान दिसतं. पण हा एकच रंग आला कुठून, ते आज पाहूया.

पहिलं उत्तर सोपं आहे: जवळ होतं तेवढ्यातून. शेणाने सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी पडते, तेव्हा रंग एकच असतो. बाकीचं काम जमीन करते. पालघर-डहाणूकडच्या वारली चित्रांतही तेच. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं आणि बांबूची काडी. जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रंग वाढवले नाहीत म्हणून चित्र कुठे उणं पडलं नाही. आकार आणि मोकळी जागा यांवर ते उभं राहिलं.

दुसरं उत्तर रसायनशास्त्राचं. 1842 मध्ये इंग्लंडात जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांपासून निळी छपाई शोधली, तिला सायनोटाइप म्हणतात. कागदाला क्षार लावायचे, वर वस्तू ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे निळं, झाकलं होतं तिथे पांढरं. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचा असा निळा संग्रह काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. बघा, आजच्या आपल्या निळ्या वहीची ही पणजीच! आणि तिथे निळा हा आवडीचा प्रश्न नव्हता. त्या पद्धतीतून दुसरा रंग निघतच नव्हता.

तपकिरीचंही तसंच. कृष्णधवल फोटोतल्या चांदीचं सल्फाइड केलं की चित्र तपकिरी होतं आणि जास्त टिकतं. म्हणजे सेपिया ही मुळात टिकवण्याचीही युक्ती होती.

आता मुद्द्यावर येऊ. जुन्या फोटोचा रंग हा पुरावा असतो. कृष्णधवल फोटोवर पिवळे डाग असतील, तर धुण्यात रसायन राहून गेलं असेल. फोटो लालसर झाला असेल, तर तो रंगीत प्रिंट आहे आणि त्यातला निळसर रंग आधी उडाला. 1970-80 च्या सुमाराच्या प्रिंटमध्ये हे पुष्कळदा दिसतं. मागे तारीख नसेल, तर आजीचा फोटो कधीचा, याचा धागा तिथेच सापडतो. आपण सगळ्यांवर एकच तपकिरी फिल्टर ओढला आणि तेच जपून ठेवलं, तर 1950 चा आणि 1980 चा फोटो एकसारखेच जुने दिसायला लागतात. जुनेपणा राहतो, काळ जातो.

म्हणून एकरंग सोडायचा का? मुळीच नाही. वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या उजेडातले फोटो एका पानावर नांदवायला त्यासारखा उपाय नाही. फक्त क्रम पाळायचा. आधी फोटो आहे त्या रंगात स्कॅन करून वेगळा ठेवायचा, मागची बाजूसुद्धा. रंगकाम करायचं ते प्रतीवर. मुख्य फोटोतलाच एक रंग उचलायचा, समजा लुगड्याचा हिरवा. त्याच्या फिकट ते गडद अशा चार-पाच छटा करायच्या. फिकट छटा पार्श्वभूमीला, गडद अक्षरांना. फोटोमागे जे लिहिलेलं असेल, ते पानावर जसंच्या तसं उतरवायचं, आणि सांगणारी माणसं आहेत तोवर नावं विचारून घ्यायची.

आपल्या आधीच्या लोकांना एकच रंग मिळाला आणि त्यांनी त्यात सगळं सांगितलं. आपल्याकडे लाखो रंग आहेत. त्यातून एक निवडताना बाकीचे पुसले जाणार नाहीत, एवढी काळजी आपण घ्यायची.